आजचे पाहुणे

टाचणीचं टोक त्या भोकात जात होतं, पण टेकत नव्हतं – राउटरच्या पाठीमागे, वायरींच्या जंजाळाखाली, तिळाएवढं भोक, आणि चष्मा कपाळावर सरकवून अनंता ते डाव्या हाताच्या बोटाने चाचपत होता. टाचणी लाल डोक्याची, बायकोच्या, काशीच्या, शिवणाच्या डब्यातून घेतलेली. डबा आज टीव्हीखालच्या फळीवर उघडाच पडला होता; एरवी तो कपाटाच्या वरच्या खणात असायचा, दिवाळीआधी पडद्यांना टीप घालायची असली तरच खाली यायचा. हे त्याच्या लक्षात आलं आणि लगेच निघूनही गेलं. डोक्यात सध्या एकच गोष्ट मावत होती. पान उघडत नव्हतं. आजचा चौथा दिवस.

दुसरं सगळं उघडत होतं, हाच तर वैताग. बातम्या उघडत होत्या, पंचांग उघडत होतं, कुणीतरी कुत्र्याला आंघोळ घालत होता ते तर न मागता उघडत होतं. फक्त ती एक जागा… नाव दाबलं की पांढरा पडदा, वर निळी रेघ अर्ध्यापर्यंत यायची, थबकायची, आणि मिनिटभराने इंग्रजीत तेच ते वाक्य, की या ठिकाणी पोचता येत नाही. ठिकाण काय चंद्रावर आहे? उल्हासनगर, कॅम्प नंबर चार. बदलापूरहून रिक्षाने निघालं तरी पाऊण तास.

पस्तीस वर्षं जांभूळच्या पाणी केंद्रात व्हॉल्व्ह उघडायचे आणि बंद करायचे ही त्याची नोकरी. आनंदनगरच्या कुठल्याशा कारखान्यातून पाणी नाही म्हणून ओरड आली की साहेब लोक टेबलावर नकाशा उलगडायचे आणि अनंता सायकल काढायचा. पाइपाला लोखंडी पाना टेकवायचा, पान्याच्या दुसऱ्या टोकाला कान. पाणी चालत असलं की आत खळखळ ऐकू येते, अडलं असलं की नुसती भुणभुण. नळापासून सुरुवात करायची आणि मागे मागे जायचं, एकेका जागेला निर्दोष सोडत. तसंच त्याने इथेही केलं होतं. पहिल्या दिवशी मोबाईल बंद करून चालू केला. दुसऱ्या दिवशी राउटरच्या अगदी पुढ्यात खुर्ची टाकून बसला. तिसऱ्या दिवशी राउटरची पिन काढून शंभरपर्यंत आकडे मोजले आणि परत लावली. मोबाईल निर्दोष, राउटर जवळजवळ निर्दोष. मग राहिला कोण? मधला व्हॉल्व्ह. आणि मधला व्हॉल्व्ह कल्पेशच्या हातात होता.

कल्पेश, धाकट्या भावाचा मुलगा. कात्रपच्या या अंगाला ज्या ज्या बिल्डिंगी भावकीच्या जमिनीवर उभ्या राहिल्या त्या सगळ्यांत नेट त्याचं. दुसरा कोणी वायरचं भेंडोळं घेऊन आलाच तर वॉचमन त्याला गेटवरूनच परत लावायचा. काकाच्या घरात नेट फुकट. घरचं नेट असताना मोबाईलमध्ये वेगळा पॅक कशाला, म्हणून अनंताचा फोन घराबाहेर पडला की बोलण्यापुरताच उरायचा. म्हणजे जगाकडे जायची वाट एकच, आणि तीही पुतण्याच्या दारावरून. विचारावं तर तो पहिला प्रश्न करणार… कुठली साईट, काका?

त्या प्रश्नाशी येऊन चार दिवस तो अडत होता.

स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे कॉम्प्युटर होता. पण तिथे भावकीतलं कोणी ना कोणी उभं असतंच, सातबारा नाहीतर आधारच्या प्रती काढत. काल तो तिथवर गेला, दोन चुलतभावांना नमस्कार केला, उगीच पॅनकार्डाची झेरॉक्स काढली आणि परत आला. चोराच्या मनात चांदणं. एकसष्ट वर्षांचा माणूस, पोरीच्या दुकानाचं पान बघायला चोरासारखा हिंडतोय. हसावं की काय करावं!

पोरीच्या. आज कितीतरी महिन्यांनी हा शब्द मनात असा सरळ आला. एरवी 'ती' असायची. 'ती' उल्हासनगरला असते. 'तिचं' नाव घरात काढायचं नाही, हे मीच ठरवलेलं.

रीतच आहे आमच्याकडे. जमीन द्यायची ठरली की सासरी गेलेल्या बहिणी, मुली सगळ्यांना बोलवायचं, पोटभर जेवू घालायचं, साडी द्यायची, आणि बिल्डरचा वकील दाखवेल तिथे त्यांनी सह्या करायच्या. कोणी वाचत नाही. माझ्या बहिणींनी वाचलं नव्हतं, आईने तर अंगठाच दिला होता. जिज्ञासाने वाचलं. रजिस्ट्रारच्या ऑफिसातल्या बाकड्यावर बसून सत्तावीस पानं, बोट ओळीखाली धरून, आणि आम्ही सगळे तिच्यासमोर घाम पुसत उभे – भाऊ, कल्पेश, वकील, आणि तिचा नवरा महेश, तिची पर्स हातात धरून. शेवटचं पान मिटून ती म्हणाली, "बाबा, यात माझा हक्क जातोय हे मला कोणी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर केली असती सही. आता नाही करणार." आवाज चढवला नाही तिने. चढवला तो मी. "मग आजपासून तुला माहेर नाही," असं म्हणालो… सगळ्यांच्या देखत. घरी येऊन दोन्ही फोनांतून तिचा नंबर पुसला, माझ्याही आणि काशीच्याही. काशी बघत होती. जमीन आहे तशीच पडून आहे, कोणाच्या तरी म्हशी चरतात तिच्यावर. आणि त्या जमिनीत कल्पेशला दोन फ्लॅट मिळायचे होते, खाली ऑफिसला एक गाळा.

तेव्हा कल्पेशने बंद केलं असेल तर नवल काय? अनंताला ते जवळजवळ दिसत होतं – पुतण्या ऑफिसात बसलाय, समोर पडद्यावर कोणाच्या घरातून काय उघडतंय त्याची यादी, त्या यादीत काकाचं घर, आणि काकाच्या घरासमोर ते नाव. हसला असेल आधी. मग दाबलं असेल एक बटण. एवढ्याशा बटणाने… त्याने टाचणी पुन्हा तिरपी केली.

पान सापडलं ते गेल्या गणपतीत. भावकीच्या ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला होता, खाली दुकानाचं नाव: चिंधी. वाचून तळपायाची आग मस्तकात गेली होती. एवढ्या जमीनजुमल्याच्या घरची मुलगी, आणि दुकानाचं नाव चिंधी! शिव्या घालायलाच म्हणून त्याने ते पान उघडलं. उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यांतून उरलेली कापडं आणायची, निळी, काळी, धुऊन पांढुरकी झालेली, आणि त्यांच्या गोधड्या शिवायच्या. एका गोधडीचा कोपरा जवळून दाखवला होता. धावदोरा आखडता, प्रत्येक सातव्या टाक्यानंतर एक लांब. तो टाका काशीचा, लेकीने तिच्याकडूनच उचललेला. दुसरं कोणी तसं घालत नाही. अनंता तो कोपरा दोन बोटांनी मोठा करत बसला होता, पार धूसर होईपर्यंत.

आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरात – आजचे पाहुणे: ३.

तीन. दुपारी बारा वाजता तीन. त्यातला एक तर मीच… त्याला उल्हासनगरचा जयदेवशेठ आठवला. जिज्ञासाच्या शाळेचा गणवेश त्याच्याकडूनच घ्यायचे. दुकानात कोणी नसलं की शेठ रस्त्यावर येऊन ओढून न्यायचा, "अरे साईं, मत लो कुछ, पण अंदर तो बैठो. खाली दुकान में कोई चढता नहीं." आणि खरंच, हे दोघे बापलेक आत बसून फुकटचा चहा प्यायला लागले की मागोमाग गिऱ्हाईक यायचं. तर अनंताने पान बंद करून पुन्हा उघडलं. चार. पुन्हा. पाच. त्या दिवशी त्याने एकट्याने दुकानात एकोणीस पाहुणे बसवले आणि रात्री त्याला शांत झोप लागली.

मग ते रोजचंच झालं. सकाळी आंघोळ करून देवाला दिवा लावला की बोहनी. चहानंतर वीसेक. दुपारी डोळा लागेपर्यंत. संध्याकाळी खाली बाकावर जाण्याआधी, वॉचमनच्या केबिनपर्यंत नेट पोचतं तिथे उभं राहून. आकडा शंभरावर गेला की त्याला वाटायचं, चला, आज तिचं दुकान भरल्यासारखं दिसतंय. विकत काही घ्यायचा प्रश्नच नव्हता. नाव, पत्ता लिहावा लागतो.

पंधरा दिवसांपूर्वी पानावर नवी पाटी आली होती. तिचा फोटो, हातात गोधडी पसरून धरलेली, त्यामुळे फक्त चेहरा आणि पावलं दिसत होती. पावलं सुजलेली. 'अठरा तारखेपर्यंतच ऑर्डर घेते. डॉक्टरांनी बावीस दिली आहे. त्यानंतर पाटी घरातलंच कोणीतरी बदलेल.' त्याने ते तीनदा वाचलं तेव्हा कळलं. गोधडी का पसरून धरली होती ते कळलं. घरातलं कोणीतरी… म्हणजे महेश, किंवा महेशची आई. पहिलं बाळंतपण माहेरी असतं हे काय तिला ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं. माहेर नव्हतं.

एकवीसच्या संध्याकाळी पान उघडायचं बंद झालं. आज पंचवीस. पाटी बदलली असेल. तिथे काहीतरी लिहिलेलं असेल, मुलगा किंवा मुलगी, किंवा… किंवाच्या पुढे त्याचं मन गेलं की तो उठून उभा राहायचा. पहिलटकरीण. पाय सुजलेले. काशीलाही जिज्ञासाच्या वेळी असेच सुजले होते, आणि तेव्हा दोन रात्री त्याने दवाखान्याच्या पायरीवर काढल्या होत्या. सगळ्या जगाला ते पान दिसतंय, कुत्र्याला आंघोळ घालणाऱ्यालाही दिसत असेल, आणि बापाला दिसत नाही. तो कल्पेश, त्याला मी अंगाखांद्यावर…

टाचणी टेकली. आत काहीतरी कटकन दबलं. अनंताने दाबून धरलं, व्हॉल्व्हचं चाक शेवटपर्यंत फिरवावं तसं, दातओठ खात. राउटरचे सगळे दिवे एकदम गेले, मग एक लाल लागला. आणि तो लालच राहिला.

"ओ! नेट गेला का?" काशी स्वयंपाकघरातून.

"आलंच आता," तो म्हणाला. पण मोबाईलवर आता बातम्याही उघडेनात, पंचांगही नाही. वेड्याने कुंपण घालायला जाऊन बांधच फोडला. आणि काशीला नेटशी काय करायचंय? ती कधी विचारत नाही… सकाळी त्याने विचारलं होतं, माझी ती हिरव्या चौकड्यांची जुनी लुंगी कुठंय, तर मान न वळवता म्हणाली, फाटली व्हती, पुसायला घेतली. फाटली नव्हती. नरम झाली होती, एवढंच.

दहा मिनिटं तो लाल दिव्याकडे बघत बसला आणि मग त्याला करावाच लागला फोन. कल्पेश म्हणाला, "रिसेट मारला काय काका? अरे देवा. हात लावू नका आता कशाला, मी येतोय."

तो आला तेव्हा अडीच वाजले होते. चपला दाराबाहेर काढून, "काकी, पाणी द्या," म्हणत आत आला, लॅपटॉप मांडीवर घेऊन जमिनीवर बसला. काशीने पाणी ठेवलं आणि लगेच आत वळली. अनंता खुर्चीत बसून त्याच्या मानेकडे बघत होता. जाड झाला होता पोरगा. याच मानेवर मी त्याला जत्रेत बसवून… नाही, त्याला मी माझ्या मानेवर. उलटसुलट होतंय सगळं. विचारू का? विचारलं तर बुधवारपर्यंत सगळ्या भावकीत, की अनंतातात्या पोरीच्या पानावर डोळा लावून बसतात. वरून ताठा, आतून पोकळ. नाही विचारलं तर हा उठून जाणार, दार ओढून घेणार, आणि पुन्हा ती निळी रेघ.

दिवा हिरवा झाला. "झालं काका. बघा, फर्स्ट क्लास चालतंय. लाईन एकदम क्लिअर हाय." कल्पेश लॅपटॉप मिटायला लागला.

"एक…" अनंता म्हणाला. "एक साईट उघडत नाय. चार दिवस."

"कुठली?"

आतल्या भांड्यांचा आवाज थांबला. की आधीपासून थांबलेला होता? अनंताने खिडकीबाहेर बघितलं, तिथे समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर कोणीतरी पापड उचलत होतं.

"चिंधी," तो म्हणाला.

कल्पेशने वर बघितलं नाही. लॅपटॉपचं झाकण अर्धवट होतं ते त्याने पुन्हा पुरतं उघडलं, काहीतरी टाईप केलं, थांबला, पुन्हा टाईप केलं. फार वेळ लावला त्याने, किंवा तसं वाटलं. मग म्हणाला, "काका, मी नाय केलं बंद."

"मी कुठं म्हटलं?"

"नाय म्हटलं, पण मला करायचं असतं तर तवाच केलं असतं. फ्लॅट गेले तवा." त्याने पडदा अनंताकडे फिरवला. त्यावर इंग्रजी अक्षरं आणि आकडे होते, ओळीच्या ओळी. "बघा, आपल्याकडून जातंय. सामनेसे ब्लॉक है. या बिल्डिंगचा बाहेर जाताना पत्ता एकच असतो, सगळ्या घरांचा मिळून. तो पत्ताच त्यांनी अडवलाय. एका जागेवरनं दिवसाला दोन-दोनशे, तीन-तीनशे वेळा कोन येतो? आणि घेत काहीच नाय. तर त्यांना वाटतं कोनीतरी त्रास द्यायला बसलाय."

"त्यांना म्हणजे… तिला?"

"ताईने हाताने पन केला असेल. नायतर मशीन आपोआप करते. ते इथून नाय कळत."

एवढ्यावर गोष्ट थांबली असती. त्रास द्यायला. मी तिथे जाऊन बसत होतो आणि तिला वाटलं कोणीतरी त्रास देतंय… तेवढ्यात कल्पेश पडद्याकडे वाकला, हळूच म्हणाला, "आता पन चाललंय बघा. नेट आल्या आल्या."

"मी नाय दाबला." मोबाईल अनंताच्या मांडीवर पालथा होता.

"तुमचा हा. हा गप हाय." कल्पेशने एका ओळीवर बोट ठेवलं, मग खालच्या ओळीवर. "हा दुसरा. घरात दोन फोन हायेत ना? हा आता तिथंच ठोकतोय. एक… दोन… तिसऱ्यांदा."

दोघांनीही स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं नाही.

कल्पेशने वायर गुंडाळली, ग्लास उलटा करून ठेवला. चपला घालताना म्हणाला, "माझ्या मोबाईलवरून देऊ का नेट? दोन मिनिटांत उघडेल. बंद फक्त इथलं हाय." अनंताने मान हलवली. नको. का नको, हे त्यालाही सांगता आलं नसतं. बावीस तारखेला काय झालं ते तिथे लिहिलेलं असेल, दोन मिनिटांवर, आणि मी नको म्हणतोय. पण दुसऱ्याच्या नेटवरून आत जाणं म्हणजे तोंड झाकून जाणं, आणि तोंड झाकून तर आपण वर्षभर जातच होतो. बंद हे घर आहे. हेच घर उघडायला हवं. पुतण्या जिन्यात थांबला, खालच्या आवाजात म्हणाला, "मी कोनाला नाय बोलनार काका," आणि गेला. अनंताला त्याच्याविषयी मनात आणलेल्या सगळ्याची लाज वाटली.

मग तो उठला. सात-आठ पावलं फक्त, पण तो सावकाश चालला. काशी ओट्याखाली भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. मोबाईल पिठाच्या डब्यावर पालथा. मांडीवर हिरव्या चौकड्यांचं कापड, हातभर चौकोन, आणि त्याच्या कडेने ती दुमड घालत होती. बाजूला तसेच आणखी, धुतलेले, घडी घातलेले, वीत-दीड वीत उंच. नव्या बाळाला नवं कापड लावत नाहीत, घरातलं जुनं, नरम लागतं. हे मला माहीत होतं. सकाळपासून सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं, डबा, लुंगी, सगळं, आणि मी पाइपाला कान लावून बसलो होतो.

"उघरला?" तिने विचारलं. मान वर केली नाही.

"नाय. तिकडून बंद हाय."

सुई थांबली. "तिनी केलाय?"

"म्हाईत नाय. मशीन पन करते म्हने. लय वेळा गेलो आपन." मग त्याला ऐकू आलं, आपण 'आपन' म्हणालो ते. "तू पन?"

"तुमी झोपल्यावर. दुकान रिकामा दिसायचा."

तो तिच्याशेजारी खाली बसला. किती दिवसांनी तो असा जमिनीवर बसत होता, पाय कुठे घ्यायचे ते सुचेना. खिडकीतून पापडवाली गच्ची दिसत नव्हती इथून, नुसतं आभाळ दिसत होतं. एका घरात दोन माणसं, एका भिंतीच्या दोन बाजूंना, एकाच दारावर थापा मारत होती, एकमेकांपासून लपवून. आणि तिकडे ती, सुजलेल्या पायांची, हा कोण छळतोय म्हणत कडी घालणारी… किंवा कडी तिने घातलीच नसेल, मशीनने घातली असेल. ते इथून कळत नाही. इथून काहीच कळत नाही, तिला मुलगा झाला की मुलगी तेही नाही, आणि ती… त्याने ते वाक्य पुरं केलं नाही.

"फोन करावा लागेल," तो म्हणाला.

काशीने दुमडीवरून अंगठा फिरवला.

"नंबर तर मीच पुसला. तुझ्या पन फोनातून."

काशीने सुई कापडात टोचून ठेवली. मग हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून, ती एकेक आकडा म्हणायला लागली, सावकाश, न अडखळता, रोज म्हणायची सवय असल्यासारखी. मी ऐकत होतो. पाचव्या आकड्यापाशी ती श्वास घ्यायला थांबली, आणि सहावा माझ्या तोंडून गेला.